वाटेच्या फाट्यावरचे मूल : कप्पा आणि त्याची रूपांतरे

जपानच्या ईशान्य भागात, डोंगरांनी वेढलेल्या तोनो परिसरात कामिगो नावाचे एक गाव. तेथील एका घरी कप्पासारखे दिसणारे मूल जन्माला आले. ते कप्पाचेच असल्याचा निश्चित पुरावा काही नव्हता. परंतु अंग लालभडक, तोंड मोठे, एकंदरीत पाहावेसे न वाटणारे असे ते मूल होते. त्याला टाकून द्यायचे ठरले. वाट जेथे फुटते त्या ठिकाणी नेऊन ते ठेवण्यात आले. ठेवणारा माणूस थोडा पुढे गेला आणि त्याच्या मनात आले, हे असे वाया घालवणे बरे नव्हे. लोकांना दाखवण्यासाठी विकले तर पैसे मिळतील. तो मागे फिरला. मूल तेथे नव्हते.

यानागिता कुनिओ (१८७५–१९६२) याने १९१० साली प्रसिद्ध केलेल्या ‘तोनो मोनोगातारी’ या ११९ छोट्या कथांच्या संग्रहातील ही ५६वी कथा. मुळात ती अवघ्या काही ओळींची आहे. तिच्यात संवाद नाही, आईचा उल्लेख नाही, तात्पर्य नाही. तोनोचाच रहिवासी असलेल्या सासाकी किझेन या तरुणाने ऐकलेल्या हकिकती सांगितल्या आणि यानागिताने त्या जुन्या वळणाच्या, कसदार लेखी जपानीत बांधल्या. संग्रहाच्या प्रास्ताविकात, या कथा ऐकून सपाट प्रदेशात राहणाऱ्यांचा थरकाप उडावा, अशी इच्छा त्याने व्यक्त केली आहे. पहिल्या आवृत्तीच्या फक्त ३५० प्रती निघाल्या. आज मात्र ज्या प्राण्याविषयीच्या या कथा आहेत तो प्राणी मद्याच्या जाहिरातींत, खाऊच्या पुड्यांच्या नावांत, चित्रकथांत, चित्रपटांत आणि पर्यटनाच्या पत्रकांत सर्वत्र दिसतो. थरकाप मात्र कोणाचा उडत नाही.

या अंतराचे एक सोपे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. पूर्वी लोकमानसात कप्पा भयप्रद होता. शहरीकरणाने आणि बाजाराने त्याला पाळीव, गोजिरवाणे करून टाकले. लोकसंस्कृतीचे सत्त्व हरपले आणि बाहुली उरली. अभिजात, लौकिक आणि बाजारू असे कप्पे पाडून विचार करणाऱ्या समीक्षेला ही मांडणी सोयीची वाटते. परंतु ५६वी कथा नीट वाचली तर ती टिकत नाही. टाकून देणे आणि मांडून दाखवणे, हे दोन्ही विचार तेथे एकाच माणसाच्या मनात, काही पावलांच्या अंतराने उद्भवतात. बाजार बाहेरून आलेला नाही. तो फाट्यावर आधीच उभा आहे. म्हणून कप्पाच्या लोकप्रियतेचा विचार करताना मूळ रूप कोणते आणि विकृत रूप कोणते, हा प्रश्न दुय्यम ठरतो. प्रत्येक रूपाने काय झाकले आणि काय उघडे केले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

‘कप्पा’ या जपानी शब्दाचा अर्थ नदीतले पोर. मराठी कानाला तो फडताळातल्या खणाची आठवण करून देईल; हा प्राणी मात्र कोणत्याच खणात मावत नाही. लहान मुलाएवढा देह, पाठीवर कासवाचे कवच, बोटांमध्ये पातळ पडदे, पुष्कळदा चोचीसारखे तोंड, आणि टाळूवर बशीसारखा खोलगा. या खोलग्यात पाणी असते आणि त्या पाण्यातच त्याचे बळ असते. पाणी आहे तोवर तो घोड्यालाही डोहात खेचू शकतो. ते सांडले की गलितगात्र होतो. तो पोहणाऱ्या मुलांना तळाशी नेतो आणि त्यांच्या गुदद्वारातून ‘शिरिकोदामा’ नावाचा एक गोळा काढून घेतो. हा गोळा शरीरशास्त्राला ठाऊक नाही. बुडून मेलेल्या देहाच्या शैथिल्याचा लोकांनी लावलेला तो अर्थ असावा. कप्पाला काकडी आवडते, सुमो कुस्ती आवडते. आणि तो कमालीचा रीतीभातीचा आहे. समोरच्याने वाकून नमस्कार केला की तोही वाकतो, आणि टाळूवरचे पाणी सांडते. घोडा ओढण्याच्या प्रयत्नात हात गमावलेला कप्पा रात्री येऊन हात परत मागतो. त्याच्या बदल्यात, पुन्हा असे करणार नाही, असा लेख लिहून देतो किंवा हाडे बसवण्याचे औषध शिकवतो, आणि दिलेला शब्द पाळतो.

या वर्णनात एक विलक्षण विसंगती आहे. क्रूरपणा आणि सभ्यता या दोन्ही गोष्टी कप्पाच्या ठिकाणी एकमेकींना बाधा न आणता नांदतात. इतकेच नव्हे, तर त्याचा पराभव नेहमी त्याच्या सभ्यतेमुळे होतो. त्याला फसवणारा माणूस मात्र शिष्टाचार हत्यारासारखा वापरतो. लोककथा कोणाच्या बाजूने सांगितली जात आहे, हे येथे सूचित होते.

कप्पाच्या लिखित इतिहासाचा आरंभही परक्या नजरेशी जोडलेला आहे. १६०३ साली नागासाकी येथे जेझुइट धर्मप्रसारकांनी छापलेल्या जपानी–पोर्तुगीज शब्दकोशात ‘कावारो’ हा शब्द येतो आणि वानरासारखा, नदीत राहणारा, माणसासारखे हातपाय असलेला पशू, अशा आशयाचा अर्थ त्यापुढे दिलेला आहे. ज्या छापखान्याच्या परंपरेतून हा कोश निघाला तो छापखाना युरोपातून गोव्यामार्गे १५९० साली जपानात पोचला होता. वाटेत १५८८ साली गोव्यातच त्यावर एका जपानी तरुणाचे लॅटिन भाषण छापले गेले होते. कोशकारांच्या दृष्टीने कावारो हा एक पशू होता, भूत नव्हे. पुढे १७१२च्या सुमारास तेराजिमा र्‍योआन याने आपल्या ‘वाकान सान्साई झुए’ या सचित्र विश्वकोशात ‘कावातारो’ची नोंद केली, तीही सृष्टीतील इतर जीवांबरोबरच. १७७६ साली तोरियामा सेकिएन याने ‘गाझू ह्याक्की याग्यो’ या चित्रग्रंथात त्याला अद्भुत प्राण्यांच्या मिरवणुकीत बसवले. पशू, नोंद, चित्र असा हा प्रवास आहे. आणि तो सर्व छापील पुस्तकांच्या बाजारात घडला आहे.

करमणुकीसाठी कप्पाला राबवण्याची सुरुवातही विसाव्या शतकाची नव्हे. १७६३ साली एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, ओगिनो याएगिरी हा काबुकी नट नदीत बुडून मेला. त्याच वर्षी हिरागा गेन्नाई याने ‘नेनाशिगुसा’ हे उपरोधिक कथानक लिहिले. नरकाचा अधिपती एन्मा किकुनोजो या स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाच्या प्रेमात पडतो आणि त्याला पाताळात आणण्यासाठी एका कप्पाची नेमणूक करतो. कप्पा तरुण सामुराईचे सोंग घेऊन नौकाविहाराला जातो आणि स्वतःच त्या नटाच्या प्रेमात पडतो. शेवटी किकुनोजोऐवजी याएगिरी पाण्यात जातो. ताज्या दुर्घटनेवर रचलेला हा विनोद आहे. शहरातील वाचक १७६३मध्येच कप्पाला हसत होता. पण त्या हसण्याच्या तळाशी एक खरे प्रेत होते, हेही विसरता येत नाही.

आधुनिक लोकविद्येने कप्पाला गांभीर्याने हाती घेतले ते यानागितापासून. त्याच्या मते असे अद्भुत प्राणी हे पदच्युत झालेले देव होत. ज्याची पूजा होत होती तो जलदेव श्रद्धा ओसरल्यावर डोहातला खोडकर प्राणी झाला. काकडी हा त्याच्या नैवेद्याचा अवशेष. इशिदा एइइचिरो याने १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कप्पा घोड्याला ओढतो या एकाच सूत्राचा माग घेत जलदैवते, घोडे आणि बैल यांचे नाते युरोप–आशियाच्या विस्तृत पटावर दाखवले. या दोन्ही उपपत्तींचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु दोहोंची नजर मागे, आरंभाकडे लागलेली आहे. देवत्वाची खूण शोधताना कामिगोच्या फाट्यावर ठेवलेले मूल नजरेच्या कडेला राहते. ते मूल देवाचा अवशेष नाही. ते कोणाचे तरी मूल आहे.

याच संग्रहातील ५५वी कथा याबाबतीत अधिक स्पष्ट आहे. मात्सुझाकी गावच्या नदीकाठच्या एका घरात दोन पिढ्या स्त्रियांना कप्पापासून गर्भ राहिला. रात्री तिच्याकडे कोणी येते, अशी बोलवा झाली; घरच्यांनी पहारा केला, उपयोग झाला नाही. प्रसूती अवघड होती. घोड्याच्या पाण्याच्या हौदात बसवले तर सुटका होईल असे कोणी सुचवले, तसे केले. मुलाच्या बोटांत पडदे होते. त्याचे तुकडे करून ते लहान पिंपांत भरून पुरण्यात आले. कथेच्या शेवटी यानागिता एक कोरडी माहिती देतो : हे घर चांगले सधन, सामुराई वंशातले, आणि घरातील पुरुष ग्रामसभेचा सदस्यही राहिलेला. म्हणजे ही फार पूर्वीची गोष्ट नव्हे. रेल्वे, शाळा, निवडणुका असलेल्या मेजी काळातील ही गोष्ट आहे.

ईशान्य जपानने अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत तेनमेई आणि तेनपो या काळांतील भीषण दुष्काळ सोसले. नवजात मुलांना मारण्याची चाल तेथे होती आणि तिला ‘माबिकी’ म्हणत. माबिकी हा शेतीतला शब्द आहे : दाट उगवलेल्या रोपांतली काही उपटून टाकायची, म्हणजे उरलेली नीट वाढतात. मराठी शेतकरी याला विरळणी म्हणतो. ‘मूल परत करणे’ असाही एक शब्द होता. कृत्य जितके असह्य तितका त्याचा शब्द घरगुती, असा हा भाषाव्यवहार आहे. तोनोच्या कप्पाकथांमागे माबिकीची छाया आहे, हे वाचन जपानी अभ्यासात आता रूढ झाले आहे. व्यंग घेऊन आलेले, अनैतिक संबंधातून आलेले किंवा केवळ नको असलेले मूल ‘कप्पाचे’ ठरले की पुढील कृत्याला कारण मिळते. स्त्रीकडे रात्री येणारा पुरुष कोण, या प्रश्नालाही उत्तर मिळते, आणि त्या उत्तरामुळे गावातील कोणाचे नाव घ्यावे लागत नाही.

यानागिताला हे कळले नव्हते असे म्हणता येणार नाही. मुलगा असताना तो काही काळ तोने नदीकाठच्या फुकावा येथे भावाकडे राहिला. तेथील तोकुमान–जी या मंदिरात त्याने एक अर्पणफलक पाहिला. त्यावर डोक्याला पट्टी बांधलेली बाळंतीण आपल्या नवजात मुलाला दाबून मारीत आहे. मागच्या कागदी पडद्यावर तिची सावली पडली आहे आणि त्या सावलीला शिंगे आहेत. शेजारी मुलांचा रक्षणकर्ता जिझो उभा राहून रडत आहे. म्हातारपणी लिहिलेल्या ‘कोक्यो नानाजूनेन’ (१९५९) या आठवणींत त्याने या चित्राने बसलेला धक्का नोंदवला आहे. हा फलक आणि ५५वी कथा शेजारी ठेवली की अर्थाची उलटापालट दिसते. फलकात राक्षसपण मारणाऱ्या हातांच्या सावलीत आहे. मूल हे मूलच आहे. कथेत मात्र राक्षसपण मुलाच्या बोटांत गेले आहे, आणि मारणारे हात स्वच्छ राहिले आहेत. फलक मंदिराचा आहे, उपदेशपर आहे. ज्या बाईने हे केले तिच्यावर सगळा दोष टाकून तोही दुष्काळाला आणि करवसुलीला मोकळे सोडतो. तरीही त्याने मुलाचे माणूसपण काढून घेतलेले नाही.

कप्पाच्या उत्पत्तीची आणखी एक दंतकथा याच दिशेने बोट दाखवते. एका कुशल सुताराला मंदिर किंवा वाडा मुदतीत बांधायचा होता. त्याने बाहुल्या केल्या, त्यांत जीव घातला, त्यांच्याकडून काम करून घेतले आणि काम संपल्यावर त्यांना नदीत फेकून दिले. आता आम्ही खायचे काय, असे त्यांनी विचारले, तेव्हा माणसांच्या ढुंगणाचे खा, असे उत्तर मिळाले. त्याच बाहुल्या कप्पा झाल्या. नदीपात्रात राहणारे, बांधकामावर राबणारे, काम संपल्यावर गावकुसाबाहेर ढकलले जाणारे हीन मानलेले लोक या कथेत दिसतात, असे कोमात्सु काझुहिको यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवले आहे. येथेही तेच घडते. ज्याला टाकून दिले त्याला प्रथम अमानुष ठरवले जाते. मग त्याच्या भुकेची भीती बाळगली जाते. भयप्रद कप्पा हे एका वास्तवावर घातलेले पहिले पांघरूण होते. गोजिरवाणा कप्पा हे त्यावर घातलेले दुसरे.

ही दोन्ही पांघरुणे एकदम दूर सारण्याचे काम एका लेखकाने केले. अकुतागावा र्‍यूनोसुके याचा जन्म १ मार्च १८९२चा. त्याच्या जन्मानंतर काही महिन्यांतच आईला वेड लागले. तो मामाच्या घरी वाढला. आईचे वेड आपल्यात उतरेल ही भीती त्याला जन्मभर सोडून गेली नाही. १९२७च्या आरंभी त्याच्या मेहुण्याने आत्महत्या केली, कर्जाचा भार अंगावर आला, आणि याच काळात त्याने ‘कप्पा’ ही दीर्घकथा लिहून काढली. ती ‘काइझो’ मासिकाच्या मार्च १९२७च्या अंकात आली. २४ जुलै १९२७ रोजी अकुतागावाने झोपेच्या औषधाने आयुष्य संपवले. त्याचा स्मृतिदिन जपानी साहित्यजगतात ‘कप्पा’च्याच नावाने ओळखला जातो.

वेड्यांच्या इस्पितळातील २३ क्रमांकाचा रुग्ण ही कथा सांगतो. कामिकोची येथील आझुसा नदीच्या काठी तो एका कप्पाचा पाठलाग करतो, खड्ड्यात पडतो आणि कप्पांच्या देशात पोचतो. तेथील समाज माणसांच्या समाजाची उलटी प्रतिमा आहे. यंत्रे आली की कामावरून काढलेल्या मजुरांना कायद्याने मारून त्यांचे मांस खाल्ले जाते. काचकारखान्याचा मालक गेल हे सहज सांगतो, आणि निवेदक हादरला की त्याच्या हळवेपणाला हसतो. माणसांच्या देशातही गरिबांच्या मुली वेश्या होतातच ना, असा त्याचा प्रश्न असतो. परंतु सर्वांत लक्षणीय प्रसंग जन्माचा आहे. बाग नावाच्या कोळ्याच्या बायकोची प्रसूतीची वेळ येते. बाप तोंड जवळ नेऊन, दूरध्वनीवर बोलावे तसे पोटातल्या मुलाला विचारतो की तुला या जगात यायचे आहे का, नीट विचार करून सांग. मूल आतून नकार देते. बापाचे रक्त, त्यातले वेड, हेच पुरेसे भयंकर आहे. शिवाय कप्पा म्हणून जगणे हेच त्याला वाईट वाटते. सुईण औषध टोचते आणि पोट वारा गेलेल्या फुग्यासारखे खाली बसते.

हा प्रसंग लेखकाच्या आत्मचरित्राशी जोडून वाचण्याची प्रथा आहे, आणि ते वाचन चुकीचे नाही. परंतु कप्पाच्या परंपरेत ठेवून पाहिले तर त्याचे आणखी एक परिमाण जाणवते. तोनोच्या कथांत मूल जन्मते आणि मग इतर लोक त्याचा निकाल लावतात. त्याला कोणी विचारीत नाही. अकुतागावाने त्याच मुलाला वाचा दिली. निवेदकाने माणसांच्या देशातील संततिनियमनाचा विषय काढताच कप्पांचा वैद्य चाक हसत सुटतो; केवळ आईबापांच्या सोयीचा विचार होतो हेच त्याला हास्यास्पद वाटते. ज्या ‘काइझो’च्या पानांवर हे छापले गेले त्याच संस्थेने १९२२ साली मार्गारेट सँगर यांना जपानात बोलावले होते आणि सरकारने त्यांच्या जाहीर व्याख्यानांना मज्जाव केला होता. त्या वादात स्त्री, कुटुंब, राष्ट्र, लोकसंख्या यांची बाजू मांडणारे होते. अकुतागावाने या यादीत न जन्मलेल्याची बाजू घातली, तीही विनोदाने, आणि ती कोणत्याच पक्षाच्या उपयोगाची नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर कप्पा हलका झाला. १९५३पासून ‘शूकान असाही’ या साप्ताहिकात शिमिझु कोन याची ‘कप्पा तेन्गोकु’, म्हणजे कप्पांचा स्वर्ग, ही चित्रमाला येऊ लागली. तिच्यातील कप्पा नवराबायकोसारखे भांडतात, मद्य पितात. कप्पास्त्रिया गोऱ्या, सुडौल, खट्याळ असतात. १९५५पासून किझाकुरा या क्योतोच्या मद्यसंस्थेने हेच कप्पा जाहिरातींत घेतले. १९७४ साली शिमिझुच्या मृत्यूनंतर ते काम कोजिमा को याच्याकडे गेले. १९६४ साली बाजारात आलेल्या ‘कप्पा एबिसेन’ या कोळंबीच्या खाऊचे नावही या चित्रांच्या लोकप्रियतेशी निगडित आहे. आज त्या पुड्यावर नाव उरले आहे, कप्पा दिसत नाही. काकडी घातलेल्या सुशीला तर ‘कप्पामाकी’ असेच म्हणतात. युद्धात होरपळलेल्या समाजाला नदीकाठचा हा आळशी संसार हवासा वाटला, यात नवल नाही. कप्पाची स्त्री झाली, बाप झाला, दारुडा झाला. फक्त मूल तेवढे चित्रातून निघून गेले.

ते पुन्हा आणले मिझुकी शिगेरू (१९२२–२०१५) याने. न्यू ब्रिटनमधील राबौल येथे सैनिक असताना बाँबहल्ल्यात त्याचा डावा हात गेला. परत आल्यावर एका हाताने त्याने जपानी भुताखेतांचे अवघे विश्व पुन्हा रेखाटले. १९६०च्या दशकाच्या आरंभी भाड्याने वाचायला मिळणाऱ्या स्वस्त पुस्तकांसाठी त्याने ‘कप्पा नो सान्पेई’ काढली. सान्पेई हा आजोबांजवळ राहणारा खेड्यातला मुलगा. तो इतका कप्पासारखा दिसतो की एकदा कप्पाच त्याला आपला समजून घेऊन जातात. आजोबांना न्यायला मृत्यूचा दूत घरी येतो आणि बसून गप्पा मारतो. ‘कप्पासारखे दिसणारे मूल’ हा ५६व्या कथेतला शब्दप्रयोग येथे शाप राहिलेला नाही. सान्पेई दोन्हीकडचा आहे आणि कोणालाही तो टाकण्यासारखा वाटत नाही. गरीब मुलांनी भाड्याने घेऊन वाचायच्या पुस्तकात हे घडले, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

फाट्यावरच्या माणसाचा दुसरा विचार, दाखवून पैसे मिळवण्याचा, हाच विषय करणारी कृती २००७ साली आली. हारा केइइची याच्या ‘कप्पा नो कू तो नात्सुयासुमी’ या चित्रपटात एदो काळातील एक कप्पा दलदल बुजवू नये म्हणून अधिकाऱ्याकडे विनंती करायला येतो. अधिकारी प्रथम त्याचा हात तोडतो, मग जीव घेतो. भूकंपात भेगेत गाडले गेलेले त्याचे पिलू शेकडो वर्षांनी कोइची नावाच्या शाळकरी मुलाला दगडाच्या रूपात सापडते आणि पाण्याने जिवंत होते. प्रथम लपवाछपवी, मग बातमी, मग दूरचित्रवाणी. त्या कार्यक्रमात सामुराईच्या वंशजाने जपून ठेवलेली एक वस्तू आणली जाते : वाळलेला हात. कू तो आपल्या वडिलांचा म्हणून ओळखतो. लोककथेत हात परत मिळवण्यासाठी कप्पा औषधाची विद्या देत असे. येथे हात मिळतो तो प्रेक्षकांच्या देखत, प्रकाशझोतात. कू आणि कोइची तोनोलाही जाऊन येतात. तेथे कप्पाच्या नावाने सर्व काही आहे, कप्पा नाही. मुलांसाठी म्हणून दाखवल्या जाणाऱ्या या चित्रपटाने तोनोच्या कथेचा शेवट जसाच्या तसा ठेवला आहे. विकायला परतलेल्याला मूल सापडत नाही.

इकुहारा कुनिहिको याची ‘साराझानमाई’ (२०१९) ही ११ भागांची चित्रमालिका पहिल्या दर्शनी धांगडधिंगा वाटते. असाकुसा भागातील तीन शाळकरी मुलांचे कप्पात रूपांतर होते आणि त्यांना मृतांच्या इच्छांतून उत्पन्न झालेल्या प्रेतात्म्यांचा शिरिकोदामा काढून घ्यावा लागतो. मद्याच्या जाहिरातींनी जो भाग शिष्टाचारापोटी गाळून टाकला होता तोच येथे मध्यभागी आला आहे. मात्र प्रत्येक वेळी तो गोळा हातोहात देताना मुलांनी लपवलेली गुपिते एकमेकांसमोर सांडतात. टाळूवरचे पाणी सांडले की कप्पा दुबळा होतो, हे जुने सूत्र येथे लज्जेचे सूत्र झाले आहे. जे बोलता येत नव्हते ते बोलले जाण्याची किंमत मोजावी लागते, आणि ती मोजल्याशिवाय नातेही जुळत नाही. लोकप्रिय कलेवर उथळपणाचा सरसकट आरोप करणाऱ्याने या कृतीपाशी थोडे थांबायला हवे.

तोनो आज कप्पाचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. जोकेन–जी या मंदिरामागून वाहणाऱ्या ओढ्याच्या डोहाला ‘कप्पाबुची’ म्हणतात. काठावर काठीला काकडी बांधून ठेवलेली असते. पर्यटकांना तेथे कप्पा पकडण्याचा परवाना विकत मिळतो. त्यावर अटी छापलेल्या असतात : कप्पाला इजा न करता जिवंत पकडावे, टाळूवरचे पाणी सांडू देऊ नये, धातूची साधने वापरू नयेत, आमिष ताज्या भाजीचे असावे. आणि पकडायचा कप्पा लाल चेहऱ्याचा व मोठ्या तोंडाचा असावा. अन्यत्र कप्पाचा चेहरा हिरवट–निळसर सांगतात, तोनोत मात्र तो लाल, असे ५९व्या कथेत आहे. परवान्यातील लाल चेहरा तेथून आला असेल. परंतु लाल अंग आणि मोठे तोंड हे दोन्ही तपशील एकत्र येतात ते कामिगोच्या मुलाच्या वर्णनात. ज्या खुणांवरून ते टाकले गेले त्याच खुणांवरून आज त्याला शोधायला सांगितले जाते.

यात तोनोच्या लोकांची चूक काढणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. मुले शहरांकडे निघून गेलेल्या डोंगराळ गावाला जगायचे असते. शिवाय त्या परवान्यात एक हळुवारपणा आहे, तो नाकारता येत नाही. इजा करू नये, पाणी सांडू देऊ नये : ५५व्या कथेतील मुलाच्या वाट्याला जे आले नाही तेच येथे अट म्हणून लिहिले आहे. खेळ म्हणून असो, पण लिहिले आहे. मात्र या खेळाचे पूर्ण मोल ज्याला ती कथा ठाऊक आहे त्यालाच कळते. समीक्षेचे आणि लोकविद्येचे काम या ठिकाणी सुरू होते. पर्यटकाच्या हातातील कागद काढून घेणे हे ते काम नव्हे. त्या कागदामागची चार ओळींची कथा विसरली जाऊ न देणे हे आहे. प्राण्याचे मूळ देवात आहे की वानरात, हे ठरवण्यात अभ्यासकांच्या पिढ्या गेल्या. नाव देऊन माणसाला माणसांतून काढून टाकण्याची क्रिया प्रत्येक काळात चालू असते. कप्पाच्या अभ्यासाने तिच्याकडे पाहण्याची सवय लावली नाही, तर तो अभ्यासही फाट्यावरच्या दुसऱ्या विचारासारखाच होतो.

कप्पाची जुनी भीती आज कोठे उरली असेल तर ती पाटीवर. जपानमध्ये तळी, कालवे, बंधारे यांच्या काठी मुलांसाठी धोक्याच्या पाट्या लावलेल्या असतात आणि त्यांतल्या अनेकांवर कप्पाचे चित्र असते. चित्र रंगीत असते, कप्पा हसराही असतो, आणि मजकूर एवढाच की येथे पाणी खोल आहे, जवळ येऊ नकोस. तेथे कप्पा मुलाला ओढण्यासाठी उभा नाही. त्याला परत घरी पाठवण्यासाठी उभा आहे. टाकून दिलेल्या मुलाचे नाव लागलेला प्राणी दुसऱ्या मुलाला काठावर अडवतो आहे.